मधली हवा

नसरापूरकडून वेल्ह्याला जाणारा रस्ता विंझरपाशी येतो तेव्हा तो तीन किल्ल्यांच्या पट्ट्यात शिरलेला असतो. दक्षिणेला राजगड, पश्चिमेला तोरणा, ईशान्येच्या डोंगररांगेवर सिंहगड. मधल्या खोऱ्यात भाताची खाचरे, कानंदी आणि गुंजवणीचे पाणी, आणि या सगळ्यावर हवा. किल्ल्यांवर ग्रंथ झाले, भातावर संशोधन झाले. हवेकडे मात्र पाऊस कधी येणार एवढ्याच हिशेबाने पाहिले गेले. वास्तविक या मुलखाच्या आरपार पाहण्याची खटपट साडेतीनशे वर्षे तरी चालू आहे, आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला आधी हवेशी व्यवहार करावा लागला आहे. काहींनी तिला चुकवले, काहींनी तिचा वाटा वजा केला, आणि काहींनी तर जमीन सोडून तिचीच मोजणी मांडली.

सर्वांत जुना दाखला सगळ्यांच्या ओळखीचा आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये, माघ वद्य नवमीच्या रात्री, तानाजी मालुसऱ्यांच्या मावळ्यांनी कोंढाणा, म्हणजे सिंहगड, घेतला. गड हाती आल्याची खूण म्हणून पागेची गवती छपरे पेटवली गेली, आणि राजगडावरून तो उजेड पाहून शिवाजी महाराजांनी फत्ते झाल्याचे ओळखले, असे सभासद बखर सांगते. पुढचे संवाद आणि पोवाडे महाराष्ट्राला पाठ आहेत. त्या उजेडाच्या प्रवासाचा विचार मात्र फारसा झालेला नाही. सिंहगड ते राजगड हे अंतर सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर. म्हणजे ती खूण विंझरच्या परिसरावरूनच पलीकडे गेली.

ती पोचली, कारण सगळ्याच गोष्टी जुळून आल्या होत्या. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर वर येतो. तोवर आकाश काळेभोर. माघातल्या रात्री डोंगरउतारांवरची गार, जड हवा खाली सरकून खोऱ्यात साचते. चुलींचा धूर, दव, धुई सगळे त्या थराखाली अडकून राहते. दोन्ही गडमाथे खोऱ्याच्या तळापासून सहाशे मीटरच्या आसपास उंच. त्यामुळे जाळाचा प्रकाश त्या गढूळ थराच्या वरून, निवळ हवेतून गेला. शिवाय पेटलेल्या गवताचा रंग तांबडा-पिवळा. हवेचे रेणू निळा प्रकाश जितका विखुरतात त्याच्या जेमतेम एक षष्ठांश तांबडा विखुरतात, हे गणित लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये मांडले. मावळ्यांना त्याची गरज नव्हती. तांबडा जाळ लांब जातो हे डोंगरात राहणाऱ्याला ठाऊक असतेच. हीच खूण आषाढात करायची असती तर? आषाढात या माथ्यांवर ढग टेकलेले असतात, आणि दहा पावलांवरचा माणूस दिसण्याची मारामार.

रात्रीचा दिवा आणि दिवसाचा डोंगर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रात्रीच्या दिव्याचे गणित फ्रान्सच्या दीपगृहांचे अभियंता एमिल अलार यांनी १८७६ मध्ये बसवले: अंतर वाढते तसा प्रकाश विरळ होतो, आणि वर हवा आपला हिस्सा खाते. दिवसा गोष्ट उलटी घडते. दूरचा डोंगर काळवंडत नाही, उलट फिकट होत जातो. डोंगर आणि डोळा यांच्या मधल्या हवेवर ऊन पडते, ती हवा स्वतःच उजळते, आणि तो उजेड डोंगरावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवल्यासारखा पसरतो. डोंगर आणि आकाश यांतला फरक दोन टक्क्यांच्या खाली गेला की डोंगर नाहीसा झाला, असे जर्मन हवामानशास्त्रज्ञ हाराल्ड कोशमीडर यांनी १९२४ मध्ये धरले. दृश्यमानता मोजण्याचा पाया आजही तोच. मधल्या हवेने आपल्या पदरचा मिसळलेला हा उजेड पुढे उपग्रहांच्या गोष्टीत मुख्य खलनायक म्हणून येणार आहे.

त्याआधी मोजणीवाल्यांचा काळ.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासकडून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले आणि त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकत विदर्भापर्यंत आली. लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे गेले. या मंडळींची खरी अडचण होती ती हंगामाची. उन्हाळ्यात दख्खनची हवा धुळीने इतकी भरलेली असते की तीस-चाळीस किलोमीटरवरचे निशाण दुर्बिणीतूनही सापडत नाही. पाऊस पडून गेला की हवा धुऊन निघते, डोंगर हाताला लागतील असे दिसतात. म्हणून पावसाळ्यात आणि त्याच्या लगोलग काम करायचे असा शिरस्ता पडला. पण तोच काळ हिवतापाचा. निवळ हवेची किंमत माणसे मरून चुकती होत होती, आणि खुद्द एव्हरेस्टही तापाने अंथरुणाला खिळले.

यातून वाट निघाली ती रात्रीची. कोरड्या, निरोगी हंगामात रात्री दिवे पेटवून कोन मोजायचे. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा दाट होते, आणि प्रकाशाचा किरण खाली वाकतो. त्यामुळे दिवसा आडोशाला गेलेले दूरचे ठिकाण रात्री वर उचलल्यासारखे दिसते. एव्हरेस्ट यांनी या उचलले जाण्याचा पद्धतशीर फायदा घेतला. निळ्या ज्योतीचे दिवे, परावर्तक लावलेले दिवे, आणि दिवसा सूर्याची तिरीप आरशाने नेमकी दूर फेकणारे हेलिओट्रोप. हे शेवटचे साधन गाउस यांनी १८२१ च्या सुमारास बनवलेले. मात्र उंची मोजायची तेव्हा हाच वाकडेपणा घातक. म्हणून आडवे कोन रात्री आणि उभे कोन दुपारी, वाकणे सर्वांत कमी असते त्या वेळी, अशी विभागणी झाली. एकच हवा एका कोनाला मदत करते आणि दुसऱ्याला फसवते, हे त्यांनी वेळापत्रकातच बसवून टाकले.

हा वाकडेपणा किती असतो याचा अंदाज तोरण्यावरून घेता येतो. गडाची उंची १,४०३ मीटर. हवा नसती तर तिथून समुद्रसपाटीचे क्षितिज सुमारे १३४ किलोमीटरवर भिडले असते. हवा असल्यामुळे किरण पृथ्वीच्या गोलाईबरोबर थोडा वळतो आणि क्षितिज सुमारे १४५ किलोमीटरवर सरकते. दहा-अकरा किलोमीटरचा हा मुलूख निव्वळ हवेने दाखवलेला. मुरुडचा किनारा तोरण्यापासून सत्तरेक किलोमीटरवर आहे, तेव्हा समुद्र दिसायला भूमितीची हरकत नाही. हरकत असते ती कोकणावरच्या दमट धुरकट थराची, आणि ती वर्षातले बहुतेक दिवस असते.

दख्खनवरून मुंबईच्या दिशेने त्रिकोणांची जी मालिका गेली, तिच्यावर काम केलेल्यांत विल्यम स्टीफन जेकब नावाचा मुंबई इंजिनिअर्सचा अधिकारी होता. मोजणीत मुरलेल्या या माणसाला ताऱ्यांचे वेड लागले. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटली आणि १८४५ ते १८४८ या काळात पाहिलेल्या २४४ जोडताऱ्यांची यादी केली. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. १८५५ मध्ये ७० ऑफियुकी या जोडताऱ्याच्या चालीतल्या विसंगतीवरून तिथे एखादा ग्रह असावा असे त्याने जाहीर केले. ते पुढे टिकले नाही, पण परताऱ्याभोवतीच्या ग्रहाचा दावा करणाऱ्या पहिल्या काही माणसांत एक जण पुणेकर होता म्हणायला हरकत नसावी.

जेकबच्या डोक्यात एक योजना होती. चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी १८५६ मध्ये तेनेरिफच्या डोंगरावर दुर्बीण नेऊन दाखवून दिले होते की उंचावर तारे थरथरत नाहीत, कारण हवेचा दाट, खदखदता थर खाली राहतो. जेकबला असेच काही पुण्याजवळच्या डोंगरावर हवे होते. ब्रिटिश संसदेने १८६२ मध्ये त्यासाठी १,००० पौंड मंजूर केले. कागदोपत्री उंची ५,००० फूट लिहिलेली आढळते. ती सढळ हाताने लिहिलेली दिसते, कारण जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला तोरणा, तोही ४,६०० फुटांच्या घरात. नऊ इंची दुर्बीण घेऊन जेकब ८ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईला उतरला आणि १६ ऑगस्टला पुण्यात मरण पावला. वेधशाळा झालीच नाही. पुण्याला मोठी दुर्बीण मिळाली ती १८८८ मध्ये, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली ही वेधशाळा कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी चालवली. २० इंची आरशाची ती दुर्बीण १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर कोडईकनालच्या डोंगरावर गेली.

खगोलवाल्यांनी हवेला चुकवण्याचा मार्ग धरला. हवामानवाल्यांना ती सोय नव्हती. हवा हाच त्यांचा विषय.

१९२८ मध्ये भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. इमारतीला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. त्याच वर्षी भोरजवळ भाटघरचे नवे धरण, म्हणजे लॉइड धरण, पुरे झाले. या दोन गोष्टींचा आपसात संबंध नाही, पण धरणाचा जलाशय पुढे कामाला येणार आहे. पुण्यात जमलेल्या शास्त्रज्ञांपैकी दोघे सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी होते. एक एल. ए. रामदास. रात्री सर्वांत गार हवा जमिनीला चिकटून नसते, तर जमिनीपासून काही सेंटिमीटर ते हातभर वर असते, असे त्यांनी एस. आत्मनाथन यांच्याबरोबर १९३२ मध्ये दाखवले. सगळ्या पाठ्यपुस्तकांच्या विरुद्ध जाणारा हा निष्कर्ष होता आणि जगाला तो मान्य व्हायला वेळ लागला. तापलेल्या जमिनीवरच्या लुकलुकणाऱ्या थराचाही त्यांनी अभ्यास केला. उन्हात डांबरी रस्त्यावर पाणी दिसते ते याच थराचे काम.

दुसरे के. आर. रामनाथन. त्यांनी आणि आर. व्ही. करंदीकर यांनी हाताळलेला प्रश्न आजच्या दूरसंवेदनाच्या थेट गाभ्यातला आहे, म्हणून त्यावर जरा थांबायला हवे.

ओझोनचा थर २०-२५ किलोमीटर उंचीवर. तिथे जाऊन तो मोजणे अवघड, म्हणून जमिनीवरून मोजायचा. ओझोन अतिनील प्रकाश शोषतो. लहान लांबीच्या लहरी जास्त, त्याहून थोड्या मोठ्या लहरी कमी. ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सन यांनी असे यंत्र केले होते की ते सूर्यप्रकाशातल्या अशा दोन शेजारच्या लहरींची तुलना करी. दोहोंतला फरक म्हणजे ओझोनची मात्रा. युरोपच्या निवळ आकाशात हे ठीक चालले. भारतात हवा धुरकट असली, धुरळा उडालेला असला की आकडे बिघडत. धूळही लहान लहरी थोड्या जास्त अडवते. मग यंत्राने दाखवलेला फरक ओझोनचा किती आणि धुळीचा किती? २० किलोमीटरवरच्या वायूची मोजणी डोक्यावरच्या एक-दोन किलोमीटरच्या धुळीने नासत होती.

रामनाथन आणि करंदीकर यांनी १९४९ मध्ये लंडनच्या रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात नेमका याच विषयावर निबंध प्रसिद्ध केला: धूळ आणि धुरकटपणा यांचा डॉब्सन यंत्रावरच्या ओझोन मोजणीवर होणारा परिणाम. यातून सुटायचे तर एकाऐवजी लहरींच्या दोन जोड्या घ्यायच्या. धूळ दोन्ही जोड्यांवर जवळपास सारखीच चढते. एकीतून दुसरी वजा केली की धूळ उडून जाते आणि ओझोन शिल्लक राहतो. वाण्याच्या दुकानात आधी बरणीचा धडा करून मगच तेल तोलतात, तसा हा हवेचा धडा. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात दोन जोड्यांची पद्धत जगभरच्या ओझोन केंद्रांसाठी प्रमाण ठरली. रामनाथन तोवर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक होऊन बरीच वर्षे लोटली होती.

अहमदाबादची ती वाट पुण्याच्या आणखी एका माणसाने धरली. १९६२ च्या नोव्हेंबरात पुण्यात उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था सुरू झाली, आजची आयआयटीएम. तिचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी. विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून ते अहमदाबादला गेले आणि १९७० मध्ये केरळातल्या नारळबागांवर त्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त रंगीत फिल्मवर छायाचित्रे घेतली. मुळांचा मर रोग डोळ्याला दिसण्याआधी त्या फिल्मवर उमटला. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात तिथून मानतात, आणि पिशारोटींना त्याचे जनक म्हणतात. अशा फिल्मबरोबर पिवळा फिल्टर लावायची पद्धत असते. तो निळा प्रकाश अडवतो, आणि हवेने मिसळलेला उजेड बहुतांशी निळा असल्यामुळे चित्र स्वच्छ येते. हवामानाच्या मुशीत तयार झालेल्या माणसाने दूरसंवेदन सुरू करावे हे योग्यच झाले. हवा काय करते हे ज्याला माहीत नाही त्याने हवेतून काढलेल्या चित्रावर विश्वास ठेवू नये.

१७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह बैकानूरहून सोव्हिएत अग्निबाणावर गेला. उंची ९०४ किलोमीटर, दर २२ दिवसांनी तोच मुलूख पुन्हा कॅमेऱ्याखाली. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. उपग्रहाच्या दोन प्रकारच्या कॅमेऱ्यांपैकी बारीक नजरेच्या कॅमेऱ्यातला एक ठिपका जमिनीवर ३६.२५ मीटर लांब-रुंद. विंझरच्या भाषेत सांगायचे तर एका ठिपक्यात १३ गुंठे. या भागातली बहुतेक खाचरे त्याहून लहान. म्हणजे एकाच ठिपक्यात चार खाचरे, बांध, एखादे आंब्याचे झाड आणि वाट.

तो ठिपका तरी निखळ जमिनीचा असतो का? नसतो. सूर्याचा प्रकाश हवेतून खाली येतो, जमिनीवर आपटून पुन्हा हवेतून वर जातो; हवेला दोनदा जकात द्यावी लागते. निळ्या पट्ट्यात, समुद्रसपाटीवर, निव्वळ हवेचे रेणूच सरळ खाली येणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे पाचवा भाग वाटेतून उडवतात. अवरक्तात हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास उरते. उडवलेल्या प्रकाशापैकी काही परत वर फेकला जातो आणि जमिनीला शिवल्यावाचूनच कॅमेऱ्यात शिरतो. कोशमीडरच्या डोंगराला फिकट करणारा उजेड तो हाच, फक्त आता आडवा नाही, उभा. काही प्रकाश शेजारच्या रानावरून उठून वाटेत वळतो आणि विंझरच्या ठिपक्यात येऊन बसतो. हिरव्या जंगलाला खेटून असलेले ओसाड माळरान त्यामुळे थोडे हिरवे आणि जंगल थोडे ओसाड दिसते. पाण्याची वाफ अवरक्ताच्या ठरावीक पट्ट्यांत प्रकाश गिळून टाकते, म्हणून कॅमेऱ्यांचे पट्टे मुळातच ते टाळून, वाफेला न दिसणाऱ्या खिडक्यांत बसवलेले असतात. १९९५ च्या आयआरएस-१सी वरच्या लिस-३ कॅमेऱ्यात तर निळा पट्टाच नव्हता. त्याऐवजी एक पट्टा लघुलहरी अवरक्ताचा आला.

याचा व्यवहारातला परिणाम काय, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. झाडीची दाटी मोजायला एनडीव्हीआय नावाचा निर्देशांक वापरतात: अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि दोहोंच्या बेरजेने भागायचे. दाट रान तांबड्याचा ५ टक्के आणि अवरक्ताचा ४० टक्के प्रकाश परतवते असे धरले तर निर्देशांक ०.७८ येतो. धुरकट दिवशी हवेने तांबड्यात ५ आणि अवरक्तात १ टक्का स्वतःचा घातला, तर तोच आकडा ०.६१ होतो. एकही झाड न तोडता जंगल विरळ झाले. असा आकडा अहवालात गेला की वेल्ह्याच्या जंगलतोडीवर भाषणे व्हायला किती वेळ लागतो?

म्हणून हवेचा वाटा काढून टाकण्याच्या युक्त्या. सर्वांत साधी युक्ती काळ्या वस्तूची. अमेरिकेतील पॅट शावेझ यांनी १९८८ मध्ये ती सुधारून मांडली. प्रतिमेत जे खरोखर काळे असायला हवे ते शोधायचे, उदाहरणार्थ खोल, निवळ पाणी. अवरक्तात ते जवळजवळ काळे असते. तिथेही कॅमेऱ्याने उजेड नोंदवला असेल तर तो पाण्याचा नव्हे, हवेचा. तेवढा सगळ्या प्रतिमेतून वजा करायचा. भाटघरचा जलाशय इथे कामाला येतो. डोंगरांच्या सावल्याही येतात: हे उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात, आणि डिसेंबरात त्या वेळी सूर्य आग्नेयेला खाली असतो, त्यामुळे राजगडाच्या आणि तोरण्याच्या वायव्य कड्यांवर ऊन पोचलेले नसते. त्या सावलीत जो थोडा निळसर उजेड असतो तो आकाशाने उधार दिलेला.

दुसरी युक्ती मात्र मोजणीवाल्यांचीच जुनी: दिवस निवडायचे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा पहिला वनस्थिती अहवाल १९८७ चा. अशा नकाशांसाठी प्रतिमा शक्यतो ऑक्टोबर ते डिसेंबरच्या घेतात. पानगळीच्या झाडांवर पाने असतात, ढग गेलेले असतात, आणि पावसाने हवा धुतलेली असते. लॅम्बटनच्या माणसांनी तापाची किंमत मोजून जो हंगाम गाठला त्याला लागून असलेलाच हा काळ, आता वातानुकूलित खोलीत बसून गाठता येतो.

फेब्रुवारीनंतर चित्र पालटते. डोंगरांवर वणवे लागतात, आणि एप्रिल-मेमध्ये भोर, वेल्हे, मुळशी, मावळ भागात राब भाजायची वेळ येते. भाताचे रोप टाकण्याच्या वाफ्यावर पालापाचोळा, गवत, शेण, तोडलेल्या फांद्या पसरून जाळायच्या, म्हणजे तणाचे बी मरते आणि राखेने रोप जोमाने येते. ब्रिटिश काळात या राबावरून वनखाते आणि शेतकरी यांच्यात वर्षानुवर्षे झगडा चालला, कारण फांद्या जंगलातून येत. उपग्रहाच्या दृष्टीने राबाचा धूर ही निराळीच डोकेदुखी. धुराचे कण दृश्य प्रकाशाच्या लहरींच्या मापाचे, त्यामुळे त्या प्रकाशात ते पांढुरके पटल धरतात. लांब अवरक्त लहरींना मात्र ते फारसे अडवत नाहीत. टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरचे मोडिस यंत्र म्हणूनच ४ मायक्रॉनच्या आसपास जाळ शोधते: धुरातून आगीचे ऊन त्याला जाणवते. पण त्याचा ठिपका एक किलोमीटरचा. तोरण्याच्या उतारावरचा मोठा वणवा त्यात सापडेल, विंझरच्या कुणाचा दोन गुंठ्यांचा राब सहसा निसटेल.

हवेचा वाटा अंदाजाने वजा करायचा नसेल तर तो मोजायला हवा, आणि या कामात पुणे पुन्हा पुढे आहे. आयआयटीएममध्ये १९८६ पासून लायडार चालू झाले. आर्गॉन लेसरचा झोत रात्री आकाशात सोडायचा आणि कोणत्या उंचीवरच्या कणांवरून किती प्रकाश परततो ते पाहायचे. जमीन पाहणाऱ्याला जो उजेड नको असतो, तोच इथे नोंद करून ठेवतात. हिवाळ्यातल्या रात्री जमिनीलगत कणांचा थर कसा दाटतो, दिवसा उन्हाने तो कसा वर उचलला जातो, हे त्यातून दिसते. २००४ पासून तिथला सूर्यप्रकाशमापक एरोनेट या जागतिक जाळ्यात आहे. सिंहगडावर पावसाच्या पाण्याची रासायनिक तपासणी झाली, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनसाठी हवेचे नमुने घेतले गेले. २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची उंचावरची प्रयोगशाळा झाली. सेंटिनेल-२ हा युरोपीय उपग्रह २०१५ मध्ये गेला. त्याच्या बारीक पट्ट्यांतला एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे विंझरच्या शेतकऱ्याला जवळपास एक गुंठा. पण त्याच्या तेरा पट्ट्यांपैकी तीन मुख्यतः हवेसाठी राखलेले आहेत: एक धूलिकणांसाठी, एक बाष्पासाठी, एक विरळ उंच ढगांसाठी. शेवटचा तर अशा लहरींवर लावलेला आहे की बाष्पामुळे त्यात जमीन सहसा दिसूच नये.

एवढे करूनही जून ते सप्टेंबर हा प्रश्न उरतो, आणि वेल्ह्यात पीक आहे ते याच चार महिन्यांचे. भात लावला जातो आषाढात, पोटरीत येतो भाद्रपदात, आणि कॅमेऱ्याला दिसतात ते ढग. इथे प्रकाश सोडून रडारच घ्यावे लागते. २६ एप्रिल २०१२ रोजी गेलेला रिसॅट-१ आणि १४ फेब्रुवारी २०२२ चा ईओएस-०४ हे या कामाचे भारतीय उपग्रह. त्यांच्या लहरी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, आणि ढगातला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा; लहरीला त्याचा पत्ताही लागत नाही. चिखलणी झालेले, पाणी भरलेले खाचर रडारमध्ये काळे दिसते, कारण सपाट पाणी लहर पलीकडे उडवून लावते. रोप वाढते तसे ते उजळत जाते. या उजळण्याच्या वेगावरून लावणी कधी झाली आणि किती क्षेत्रावर झाली ते काढतात. मात्र रडार तिरपे पाहते, त्यामुळे राजगडासारख्या उभ्या डोंगराचा एक उतार चित्रात पुढे झुकून दुमडतो आणि पलीकडच्या उतारापर्यंत लहर पोचतच नाही. डोंगरपायथ्याच्या खाचरांचा हिशेब त्यामुळे पठारावरच्या शेतांहून नेहमीच कच्चा.

रेडिओ लहरींनाही हवा पूर्ण सोडत नाही. उपग्रहावरून येणारा दिशादर्शन संदेश समुद्रसपाटीवर सरळ डोक्यावरून आला तरी कोरड्या हवेमुळे तो सुमारे २.३ मीटर लांबून आल्यासारखा भासतो, आणि बाष्प त्यात काही सेंटिमीटरपासून भर पावसाळ्यात ३०-४० सेंटिमीटरपर्यंत भर घालते. जमीन मोजणाऱ्याला हा आकडा काढून टाकायचा असतो. भारतीय हवामान विभाग आपल्या केंद्रांवर हाच आकडा ठेवून घेतो आणि त्यातून डोक्यावरच्या हवेत किती पाणी भरले आहे ते काढतो. पावसाच्या अंदाजासाठी जी माहिती लागते तिच्यात आता तो जमा होतो.